पट्ट्याचं सहावं भोक

टाकेकाकांच्या हातून कुठलीही वस्तू कचऱ्यात जात नसे. बॅगा आणि पट्टे दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं घालवलेल्या माणसाला तुटकं बक्कल दिसलं, की ते आणखी कुठे लागेल हेच आधी दिसतं. गिऱ्हाइकं "काका, दोन टाके घालून द्या हो" म्हणत दुकानाची पायरी चढत, त्यावरून हे नाव पडलं. ते इतकं चिकटलं, की बँकेतून फोन आला तर स्वतःच्या खऱ्या नावाला ओ द्यायला त्यांना वेळ लागे. काम मात्र नावाला साजेसं. दोन सुया, मेण लावलेला दोरा, इंचाला आठ टाके. पट्ट्याला भोक पाडायचं तर आधी मापून खूण, मग पंच, मग हातोडीचा एकच घाव. वाकडं भोक पाडणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं.

त्यांची बायको पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसायची. कुणी न बांधता खोकं आणो, कुणी चुकीचा पत्ता लिहून वर हिलाच बोल लावो, तिचं उत्तर एकच, "चालेल." दुसऱ्यांच्या सुट्ट्यांची कामं तिच्या गळ्यात पडत, तेही चालायचं. "आमची ताई म्हणजे गरीब गाय," असं तिची धाकटी बहीण तिच्या तोंडावर म्हणायची. काकांनी तिचं नाव 'चालेलबाई' ठेवलं होतं. त्यावर ती हसायची आणि तेही तिला चालायचं.

आता यापुढचं ऐकून कुणाला नाक मुरडायचं असेल, तर त्यानं आत्ताच मुरडून घ्यावं. दोन शहाण्यासुरत्या माणसांनी राजीखुशीनं, आपल्या घरात, दाराला कडी लावून काय करावं हा त्यांचा प्रश्न. पण सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. एका रविवारी दुपारी मुलगी पोहायच्या वर्गाला गेली होती, तीन ते पाच. काका घरी बसूनही कुणाच्या तरी बॅगेची चेन बसवत होते. दहाव्या वर्षी हातात आरी आली तेव्हापासून त्यांचे हात कधी रिकामे राहिलेच नव्हते. झोपेतसुद्धा बोटं हलायची. बायको म्हणाली, "अहो, जरा हात थांबवा ना." ते म्हणाले, "थांबत नाहीत." तिनं थट्टेनं गळ्यातला स्कार्फ काढला, त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या हाताला बांधले आणि म्हणाली, "मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

हा आवाज काकांनी आधी कधी ऐकला नव्हता. तिनं स्वतःही ऐकला नसावा, कारण बोलून झाल्यावर तीच दचकली. काका मात्र हलले नाहीत. डोक्यात सतत चालणारी कामांची यादी थांबली. इतकं शांत त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. पाच वाजता दारात मुलीची चाहूल लागली तेव्हा दोघंही लग्नाच्या पहिल्या आठवड्यासारखे लाजत चहा पीत बसले होते.

मग रविवारची दुपार त्यांची झाली. असल्या कामाच्या वस्तू बाजारात मिळतात हे दोघांच्या गावीही नव्हतं. असतं, तरी दुकानात जाऊन मागायची छाती कुणाची होती? तेव्हा घरात जे होतं तेच. आधी पडद्याची दोरी झाली, आणि तिथेच काकांनी माती खाल्ली. बारीक दोरी वजन आलं की कातड्यात रुतते, हे ते रोज गिऱ्हाइकांना बजावत. पण स्वतःच्या मनगटाची वेळ आली तेव्हा अक्कल गहाण पडली. हाताला मुंग्या आल्या, मग बोटं बधिर झाली, तरी गडी लाजेपायी गप्प. सुटल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हातात आरी धरवेना. मनगटावर जांभळा वळ. तो झाकायला त्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला आणि पुढे ती सवयच झाली. भर उन्हाळ्यातही काका मनगटापर्यंत बटणं लावून बसत.

वळ पाहून ती रडली. "तुम्ही बोलला का नाहीत? मी काय मनकवडी आहे?" त्यानंतर नियम झाले. बारीक दोरी बंद. पट्ट्याखाली दोन बोटं गेलीच पाहिजेत. कात्री हाताशी. आणि काकांच्या मुठीत दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा. नको वाटलं तर तोंडानं काही सांगायला नको, किल्ल्या खाली टाकायच्या. किल्ल्या वाजल्या की सगळं तिथल्या तिथे बंद. चौदा वर्षांत त्या दोनदा वाजल्या, आणि दोन्ही वेळा ती तिसऱ्या श्वासाला त्यांच्यापाशी होती.

मग काकांमधला कारागीर जागा झाला. एका जुन्या प्रवासी बॅगेचे खांद्याचे पट्टे कापून त्यांनी मनगटाचे दोन पट्टे केले. आतून अस्तर लावायला तिच्या विटलेल्या लाल शालीचा तुकडा घेतला. कडेनं इंचाला आठ टाके, प्रत्येकी पाच भोकं, एका रेषेत. स्वतःच्या मनगटासाठी माणूस इतकं नीट काम करतो, याचं तिला हसू आलं. पँटच्या जुन्या खिशाच्या कापडातून डोळ्यांची पट्टी झाली. कपाटामागे भिंतीत एक हुक बसला. तो छत्रीसाठी आहे असं पाहुण्यांना सांगायचं ठरलं होतं, आणि कुणीही कधी विचारलं नाही. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हेच, असं काका म्हणायचे.

एकदा तिच्या बहिणीनं कपाटात एक चपटा लाकडी चमचा पाहिला. "ताई, अगं चमचा कपड्यांत कसा?" चालेलबाईंचा चेहरा शालीच्या अस्तरासारखा लाल. काका शांतपणे म्हणाले, "मूठ सैल झालीय, दुरुस्तीला काढून ठेवलाय." बहिणीनं तो उचलून नेला आणि दुपारभर त्यानंच पातेलं ढवळलं. नवराबायको एकमेकांकडे न बघता जेवले.

सोमवारी ती पुन्हा पार्सलच्या खिडकीवर. "चालेल, चालेल." पण तिच्या सोबतिणी म्हणायच्या, हल्ली ही कुणी ओरडलं तर मनाला लावून घेत नाही. का, ते काकांना ठाऊक होतं.

मुलगी मोठी झाली, नर्स झाली, अपघात विभागात लागली, लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. आणि मग चालेलबाईंच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. आठवड्यातून तीनदा दवाखाना. काकांनी दुकान अर्धा वेळ केलं. स्वयंपाक, औषधं, तिची आंघोळ, सगळं तेच बघत. स्वतःच्या ताटाकडे मात्र लक्ष नव्हतं. शर्ट अंगावर लोंबायला लागले.

त्या आठ महिन्यांतही रविवार चुकला नाही. तिला उभंसुद्धा राहवत नसे. ती उशीला टेकून बसायची आणि म्हणायची, "आणा." काका पट्टे आणायचे, पलंगाजवळ जमिनीवर बसायचे, हात पुढे करायचे. ती बक्कल लावायची. बाकी काही नाही. ते गादीच्या कडेवर डोकं ठेवायचे आणि रडायचे. आठवडाभर रडायला सवड नव्हती; हात मोकळे असले की ते उठून काहीतरी करायलाच लागत. बांधलेल्या हातांना कामाला उठता येत नसे आणि डोळेही पुसता येत नसत. डोळे ती पुसायची. लुगड्याच्या जुन्या मऊ तुकड्यानं, न बोलता, अर्धा तास.

एका रविवारी पट्टा पाचव्या भोकात लावूनही हातातून खाली घसरला.

"किती वाळलात हो," ती म्हणाली. "माझं दुखणं तुम्हाला लागलं की काय?"

"थांब, पंच आणतो. आणखी एक भोक पाडू."

"तुम्ही नाही. मी पाडणार. खिळा आणि हातोडी द्या."

"अगं, खिळ्यानं फाटेल. वाकडं होईल."

"हलायचं नाही म्हटलं ना?"

तिनं मांडीवर पाट घेतला. हातोडी तिला दोन्ही हातांनी उचलावी लागत होती. सात घाव लागले एका पट्ट्याला, नऊ दुसऱ्याला. मधे दोनदा दम खाल्ला. भोक रेषेच्या बाहेर गेलं आणि कडेला चिरलं. तिनं ते उजेडात धरून बघितलं आणि म्हणाली, "वाकडं झालं." काका म्हणाले, "असू दे." आयुष्यात वाकड्या भोकाला त्यांनी पहिल्यांदाच असू दे म्हटलं.

शेवटच्या महिन्यात तिनं एक दिवस त्यांना जवळ बसवलं. "ते सगळं फेकून द्या. एकही वस्तू ठेवू नका. कुणाला कळता कामा नये, आणि आपल्या पोरीला तर मुळीच नाही. तिची आई साधीभोळी आहे, तिच्या मनात तशीच राहू दे. वचन द्या." काकांनी वचन दिलं.

ती गेली. तेराव्या दिवसानंतर काकांनी डोळ्यांची पट्टी, चमचा, सगळं फेकलं, भिंतीतला हुकही काढला. पट्टे हातात घेतले. सहावं भोक बघितलं. आणि ते दोन पट्टे गरम पाण्याच्या पिशवीच्या खोक्यात घालून कपाटाच्या तळाशी ठेवले. तिची आज्ञा त्यांनी मोडली ती ही एकच.

त्यांना वाटलं होतं आता मनसोक्त रडता येईल. आलं नाही. डोळे भरले की हात आपसूक कामाला लागायचे, आणि काम सुरू झालं की डोळे कोरडे. उरला होता तो मुलीचा फोन. रोज ड्यूटी संपली की ती बसस्टॉपवरून फोन करायची. "जेवलात का? काय जेवलात? खरं सांगा." त्या दोन मिनिटांसाठी काका दिवस ढकलत होते.

तीन महिन्यांनी मुलगी आईचं कपाट आवरायला आली. साड्या मावशीला, स्वेटर गरजूंना. काका चहा टाकायला आत गेले होते. बाहेर आले तेव्हा ती जमिनीवर बसली होती आणि खोकं उघडं होतं.

लहानपणी ती दुकानात काउंटरखाली बसून अभ्यास करायची. बापाचे टाके तिला हजारांत ओळखू आले असते. शालही तिनं ओळखली. आणि हे कशासाठी असतं हे कळायला अपघात विभागात तीन वर्षं पुरेशी होती.

"हे तुम्ही शिवलंय."

"हो."

"आईच्या शालीचं अस्तर लावून."

काका दारातच थांबले.

तिनं सहाव्या भोकावर अंगठा ठेवला. "हे नवीन आहे. कड अजून मळलेली नाही." तिचा आवाज फुटला. "ती आजारी पडल्यावरचं आहे हे. तिचे हात वाळले, पट्टा सैल पडायला लागला, म्हणून तुम्ही आणखी आत भोक पाडलंत? ती मरत होती, बाबा!"

काकांचा हात बाहीच्या बटणाकडे गेला. बटण काढायचं, मनगट पुढे करायचं, पट्टा लावून दाखवायचा. एका मिनिटाचं काम. पण मग लगेच दुसरा प्रश्न येणार, बक्कल कोण लावायचं? आणि मग साधीभोळी आई राहणार नव्हती. त्यांनी निघालेलं बटण पुन्हा लावलं.

"तुझ्या आईला त्रास होईल असं मी कधी काही केलं नाही," ते म्हणाले.

"सगळे हेच म्हणतात. रोज ऐकते मी. पडली म्हणतात, दार लागलं म्हणतात." ती उठली. "गरीब गाय होती ती. कशालाच नाही म्हणायची नाही. आणि तुम्ही त्याचा फायदा घेतलात. नुसतं एवढं सांगा, की हे खोटं आहे. सांगा ना!"

चहा आत उतू गेल्याचा वास आला. ती पट्टे पिशवीत कोंबून निघून गेली. साड्यांचे गठ्ठे तसेच पडून राहिले.

त्या संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जावयानं एकदा फोन करून अवघडून विचारलं, "बाबा, नेमकं झालंय काय? ही काही बोलत नाही, नुसती रडते." काका म्हणाले, "तिला वेळ द्या." पुढे त्याचाही फोन आला नाही. काका दुकानात बसत, इंचाला आठ टाके घालत, आणि फोन काउंटरवर उताणा ठेवत. बायको गेली ती आजारपणानं. मुलगी गेली ती आपल्या एका न फेकलेल्या वस्तूमुळे, हे त्यांना दिवसातून दहादा आठवे. बायकोचं ऐकलं असतं तर? वचनाचं अर्धं पाळलं, अर्धं मोडलं, आणि मोडलेल्या अर्ध्यानं घर बुडवलं.

सात महिने गेले. एका मंगळवारी सकाळी, नुकतं दुकान उघडलेलं असताना, मुलगी आली. नर्सचा गणवेश, डोळे सुजलेले. तिनं पिशवीतून एक सँडल काढून काउंटरवर ठेवली.

"पट्टा सैल झाला होता," ती म्हणाली. "तुमच्याकडे यायचं नव्हतं. म्हणून काल घरीच पाडलं भोक. खिळ्यानं."

काकांनी चष्मा चढवला. सवयीनं सँडल उजेडात धरली. "वाकडं झालंय. कडही चिरलीय."

"हो. खिळ्यानं असंच होतं. सरळ पाडायला गेले तरी असंच होतं." ती थोडी थांबली. "ते बघितलं आणि मग रात्रभर झोपले नाही. तुमच्या हातून असं भोक कधी पडलंय, बाबा?"

काकांनी सँडल हातातून खाली ठेवली.

"शेवटच्या महिन्यात मी रोज तिची नाडी बघत होते," ती म्हणाली. "तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावायचं. तो पट्टा त्या भोकातसुद्धा तिच्या कोपरापर्यंत घसरला असता. मी नर्स आहे. मला हे त्याच दिवशी दिसायला हवं होतं. आणि तुम्ही भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्या घालता, मी लहान असल्यापासून." तिनं काउंटरची कड घट्ट धरली. "खिळा कुणी मारला होता?"

रस्त्यावर कुणीतरी शटर वर ओढलं. काकांनी पंच उचलला, जागेवर ठेवला, पुन्हा उचलला.

"तिनं सांगू नका म्हणून सांगितलंय का?"

काकांनी मान हलवली नाही. हो म्हणणं म्हणजे सांगणंच झालं असतं. ती बराच वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आणि तिला हवं ते उत्तर मिळालं.

"माझ्यावर ओरडायचं तरी होतंत," ती म्हणाली. "थोबाडीत मारायची होती. मी काय काय बोलले तुम्हाला." मग खाली बघून, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "बाबा, ते पट्टे मी दवाखान्याच्या पिवळ्या पिशवीत टाकले. ती पिशवी भट्टीत जाते. त्याच दिवशी गेली."

सात महिने काका मनातल्या मनात धरून बसले होते, की ते पट्टे तिच्या घरी कुठेतरी माळ्यावर असतील. तिच्या हातचे सात घाव आणि नऊ घाव, जगात तेवढेच उरले होते. त्यांनी मान खाली घातली.

"बरं केलंस," ते म्हणाले. "मला तेच करायला सांगितलं होतं. मलाच जमलं नाही."

आणि मग दहा महिन्यांत जे आलं नव्हतं ते आलं. त्यांनी आपले दोन्ही हात काउंटरवर ठेवले, मनगटाला मनगट लावून, आणि ते हलवले नाहीत. पाणी गालावरून हनुवटीवर आणि तिथून पूर्ण बाह्यांवर टपटप पडत राहिलं. एक गिऱ्हाईक तुटकी बॅग घेऊन पायरीवर आलं, आत बघून मुकाट्यानं मागे फिरलं.

"बाबा," मुलगी रडत म्हणाली, "पुसा ना डोळे."

"मी नाही पुसत," काका म्हणाले. "ते काम तिच्याकडे होतं."

मुलगी काउंटरला वळसा घालून आत आली. तिच्याकडे रुमाल नव्हता. तिनं गणवेशाची बाही बोटांवर ओढली आणि बापाचे डोळे पुसले.